मराठी विकिपीडियावर लिहिलेलं पुन्हा पुन्हा उडतंय? या क्रमाने तपासा

मराठी विकिपीडियावर नव्याने लिहू लागलेल्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "मी लिहिलं होतं, आता दिसत नाही." जानेवारीतल्या मराठी भाषा पंधरवड्यात कॉलेजांमधून कार्यशाळा होतात, त्यानंतर तर हमखास. नव्या संपादकांच्या शेजारी बसून हा एकच बिघाड मी अनेक वर्षं शोधत आले आहे. कारणं मोजकीच असतात आणि त्यातली निम्मी तर चहा संपेपर्यंत सापडतात.

मला याची काळजी वाटते, कारण पहिलाच लेख उडाला की माणूस परत येत नाही. ज्याला आपल्या तालुक्याचा, तिथल्या पिकांचा, बोलीचा खरा अभ्यास आहे तोच निघून जातो आणि ते पान पुढची कित्येक वर्षं दोन ओळींचं राहतं.

लक्षणं

तुमचं दुखणं यातलं कोणतं ते आधी ठरवा, कारण प्रत्येकाची वाट वेगळी आहे.

- मजकूर प्रकाशित झाला, दिसला, आणि दुसऱ्या दिवशी पान पूर्वीसारखं झालं.
- लेखाचं नाव टाकलं की दुसराच लेख उघडतो.
- लेख आहे, पण मधले परिच्छेद नाहीत आणि तळाशी लाल अक्षरांत संदर्भाची त्रुटी दिसते.
- डोक्यावर पाटी लागली आहे: संदर्भ नाहीत, किंवा पान काढण्याचा प्रस्ताव आहे.
- प्रकाशित करायला गेलं की सूचना येते आणि मजकूर जातच नाही.
- तोच मजकूर दोन-तीनदा टाकला आणि आता खातंच अडवलं गेलं.

तपासणीला लागण्याआधी एकच पथ्य: उडालेला मजकूर जसाच्या तसा पुन्हा चिकटवू नका. ज्याने तो काढला त्याला तुमच्या हेतूची कल्पना नसते. त्याला दिसतं ते एवढंच, की कारण सांगूनही कोणी ऐकत नाही. साधी चूक इथूनच भांडणात जाते.

१. मुळात प्रकाशित झालं होतं का?

हे विचारताना लोकांना राग येतो, पण याला पैसा लागत नाही आणि वेळही लागत नाही. "झलक पहा" दाबल्यावर पान अगदी तयार दिसतं, पण ते फक्त तुमच्याच पडद्यावर असतं. "बदल प्रकाशित करा" दाबल्याशिवाय काहीही साठत नाही. वर उजवीकडे आपल्या नावाजवळ "योगदान" आहे, ते उघडा. त्यात नोंद नसेल तर कोणी काही उडवलेलं नाही.

योगदानात नोंद नाही, पण प्रकाशित केल्याचं पक्कं आठवतंय? मग दोन शक्यता. तुम्ही लॉग-इन न करता लिहिलं असेल, तर ती नोंद तुमच्या खात्यावर येणार नाही. नाहीतर तुम्ही दुसऱ्याच विकिपीडियावर होतात. एकच खातं सगळ्या भाषांत चालतं, त्यामुळे गूगलवरून थेट इंग्रजी किंवा हिंदी पानावर जाऊन तिथे मराठी मजकूर लिहिणारे बरेच भेटतात. तो तिथून काढला जाणारच.

धूळपाटीचंही तसंच. सार्वजनिक धूळपाटी सरावासाठी आहे आणि ती अधूनमधून पुसली जाते. सराव टिकवायचा असेल तर आपल्या सदस्यनावाखालची स्वतःची धूळपाटी वापरा.

मजकूर जातच नसेल तर येणारी सूचना शेवटपर्यंत वाचा. शिव्या, एकाच अक्षराची लांबलचक ओळ, नव्या खात्यावरून भसाभस दिलेले बाहेरचे दुवे अशा गोष्टी स्वयंचलित गाळणी अडवते. कार्यशाळेत वेगळीच अडचण येते: एका आयपी पत्त्यावरून, म्हणजे एकाच इंटरनेट जोडणीवरून, दिवसाला साधारण सहाच नवी खाती उघडता येतात. संगणक प्रयोगशाळेत सातव्या विद्यार्थ्यापासून सगळे अडकतात. विद्यार्थ्यांना आदल्या दिवशी आपापल्या घरून किंवा मोबाइलवरून खाती उघडायला सांगितलं की हा प्रश्न मिटतो.

२. नावाची जोडणी

"माझा लेखच नाही, दुसराच उघडतो" याचं उत्तर बहुधा इथे असतं. त्याच विषयावर वेगळ्या शुद्धलेखनाचा लेख आधीच असतो. कोणीतरी तुमचं पान त्याच्याकडे वळवतं, म्हणजे पुनर्निर्देशित करतं. कराड आणि कऱ्हाड ही सरळ दिसणारी जोडी. न दिसणाऱ्या जोड्या जास्त त्रास देतात.

कऱ्हा नदीचं उदाहरण घ्या. यातला ऱ्ह दोन तऱ्हांनी टंकता येतो. एका तऱ्हेत नुक्ता असलेला ऱ, हलन्त आणि ह असतो. दुसरीत साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द. एका कळफलकावरून केलेलं पान दुसऱ्या कळफलकाच्या शोधात सापडेलच असं नाही. म्हणून ऱ्य किंवा ऱ्ह असलेल्या नावाचा लेख सुरू करण्याआधी शेजारच्या लेखातून शोधा. कऱ्हा नदीसाठी पुरंदर किंवा जेजुरीच्या पानावर जाऊन तिथला दुवा कुठे नेतो ते पाहा.

तुमचं पान वळवलं गेलं असेल तर शीर्षकाखाली बारीक अक्षरांत तसा उल्लेख येतो. त्या नावावर टिचकी मारली की मूळ पान उघडतं आणि त्याच्या इतिहासात तुमचा मजकूर सुखरूप असतो. जुन्या लेखात नाही ते तेवढं उचला आणि तिथे घाला, संदर्भासकट.

३. इतिहास वाचा

सगळ्यात कमी वापरलं जाणारं आणि सगळ्यात उपयोगी हत्यार म्हणजे "इतिहास पहा". पान काढून टाकलं नसेल तर आतापर्यंतची प्रत्येक आवृत्ती तिथे असते. प्रत्येक ओळीत वेळ, सदस्याचं नाव, बाइटमधली वाढ-घट आणि बदलाचा सारांश दिसतो.

आधी आकडे पाहा. तुमच्या ओळीवर अधिक ३,६०० आणि लगेच वरच्या ओळीवर उणे ३,६०० असेल, तर सगळंच उलटवलं गेलं आहे. उणे ५०० असेल तर कोणीतरी नीट वाचून एखादाच भाग काढला आहे, आणि ती चांगली खूण आहे. आकड्यांच्या मोठेपणाने दचकू नका. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं, काना-मात्रा-वेलांटीसुद्धा. त्यामुळे ३,६०० बाइट म्हणजे जेमतेम बाराशे चिन्हं.

मग सारांश वाचा. "संदर्भहीन", "जाहिरात", "प्रताधिकारभंग" (म्हणजे कॉपीराइटचा भंग), "यांत्रिक भाषांतर" असा एखादा शब्द असला तर निदान झालं, खालच्या त्या त्या तपासणीवर जा. सारांश कोरा असेल तर त्या सदस्याच्या चर्चा पानावर दोन ओळी लिहा: कोणतं पान, कोणता बदल, आणि काय कमी पडलं. "माझा लेख का उडवला?" यापेक्षा "कोणत्या विधानाला संदर्भ हवा होता?" याला उत्तर लवकर येतं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, पण आजही तो मूठभर माणसं आपापल्या मोकळ्या वेळात सांभाळतात. दोन-चार दिवस उत्तर आलं नाही तर तो अपमान समजू नका.

काढणारं नाव सांगकाम्याचं, म्हणजे आपोआप बदल करणाऱ्या प्रोग्रामचं, असेल तर त्याला विचारण्यात अर्थ नाही. त्याच्या सदस्य पानावर चालकाचं नाव असतं, त्यांना विचारा.

४. उघडी राहिलेली संदर्भखूण

मधले परिच्छेद गायब आणि तळाशी लाल ओळ, हे लक्षण असेल तर कोणावरही संशय घेऊ नका. संदर्भ कोनी कंसातल्या दोन ref खुणांमध्ये लिहितात, एक उघडणारी आणि एक तिरकी रेघ असलेली बंद करणारी. बंद करणारी राहिली की पुढच्या संदर्भाच्या बंद खुणेपर्यंतचा सगळा मजकूर पहिल्या संदर्भाच्या पोटात जातो. "स्रोत संपादन" उघडा, जिथून मजकूर तुटतो तिथली खूण बंद करा, झालं. दृश्य संपादकातून संदर्भाचं बटण वापरलं तर ही चूक होतच नाही.

५. संदर्भ आहे का, आणि तो त्याच विधानाचा आहे का?

इथे वेळ द्या. उडालेल्या मजकुरांपैकी सर्वांत मोठा वाटा याचाच असतो.

वाईजवळच्या मेणवलीचं उदाहरण घेते, कारण गावांवरचे लेख साधारण असेच लिहिले जातात:

"निसर्गाच्या कुशीत वसलेले आमचे मेणवली हे अतिशय सुंदर व ऐतिहासिक गाव असून येथील भव्य वाडा पाहून पर्यटक मंत्रमुग्ध होतात. येथील घंटा वसईहून आणली असे सांगतात."

यात पडताळता येईल असं काहीच नाही. सुंदर कोणाला वाटतं? कोणता वाडा? सांगतात म्हणजे कोण सांगतं? हेच असं लिहिता येतं:

"मेणवली हे सातारा जिल्ह्याच्या वाई तालुक्यातील कृष्णा नदीकाठचे गाव आहे. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांचा वाडा आणि नदीवरील घाट येथे आहे."

दोन वाक्यं, दोन्ही जिल्हा गॅझेटियरमध्ये किंवा इतिहासाच्या पुस्तकात पाहता येतील अशी. हे कोणी उडवणार नाही. उडवलंच तर चर्चा पानावर तुमची बाजू भक्कम असते.

आता ती घंटा. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३९ साली वसई मराठ्यांच्या ताब्यात आली, याचे संदर्भ भरपूर मिळतात. नवे संपादक त्यातलाच एक संदर्भ घेतात आणि घंटेच्या वाक्यापुढे लावतात. वसई जिंकली हे एक विधान आणि तिथली घंटा मेणवलीत आली हे दुसरं. पहिल्याचा पुरावा दुसऱ्याला चालत नाही. घंटेचा उल्लेख ज्या पुस्तकात आहे, तेच पुस्तक, तेच पान द्यायला हवं. पुस्तकाचं नाव खरं असूनही ते वाक्य त्यात सापडत नाही, ही चूक जाणत्या संपादकाला लगेच दिसते. मग बाकीच्या संदर्भांवरचाही त्याचा विश्वास उडतो.

कोणता स्रोत चालतो यावर फार गोंधळ असतो. मी सोपी फोड सांगते: लिहिणारा आणि छापायचं ठरवणारा वेगळा असावा. वर्तमानपत्रातली बातमी, विद्यापीठाचं किंवा नावाजलेल्या प्रकाशनाचं पुस्तक, गॅझेटियर, जनगणनेची जिल्हा पुस्तिका, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सुरू झालेला आणि वाईहून निघणारा मराठी विश्वकोश, हे चालतात. स्वतःचा ब्लॉग, फेसबुकची पोस्ट, व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर, वाढदिवसाची जाहिरात पुरवणी, विकिपीडियाचाच दुसरा लेख, हे चालत नाहीत. काही वृत्तस्थळं विकिपीडियावरूनच मजकूर उचलतात, तो परत इथे संदर्भ म्हणून आला की चुकीची माहिती खरी ठरते. बातमीची तारीख लेखातल्या त्या वाक्याच्या नंतरची आहे का, हे इतिहासात पाहून घ्या.

संदर्भ इंटरनेटवरच असला पाहिजे, अशीही समजूत आहे. ती चुकीची आहे आणि मराठीचं तिने फार नुकसान केलं आहे. आपलं कितीतरी चांगलं लेखन अजून जिल्हा वाचनालयाच्या कपाटात आहे. छापील पुस्तक पूर्णपणे चालतं. लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, साल आणि पृष्ठ क्रमांक एवढं द्या. पृष्ठ क्रमांक टाळू नका, कारण चारशे पानांच्या पुस्तकात पडताळणाऱ्याला तेवढाच आधार असतो.

आजोबांकडून ऐकलेलं, स्वतः शिलालेख वाचून काढलेलं, स्वतः मोजलेलं इथे येऊ शकत नाही, मग ते कितीही खरं असो. अशा कामाची किंमत कमी आहे म्हणून नव्हे. ते आधी एखाद्या नियतकालिकात किंवा पुस्तकात यावं, तज्ज्ञांच्या नजरेखालून जावं, आणि मग त्याच्या आधाराने इथे लिहावं, असा क्रम आहे. माझा आग्रह असतो की लोकांनी ते तसं छापावंच.

६. विशेषणं आणि मान

व्यक्तींवरच्या लेखांत हे हमखास. "मा. श्री.", "थोर समाजसेवक", "लोकनेते", "दैदीप्यमान कारकीर्द" असे शब्द दिसले की लेख जाहिरात म्हणून गणला जातो. "ते पुण्यात शिकले" यातलं आदरार्थी बहुवचन राहू द्या, ती मराठीची रीत आहे. गौरव करणारे शब्द तेवढे काढा आणि त्यांच्या जागी घटना ठेवा: कोणती संस्था, कोणत्या साली, कोणता पुरस्कार. विशेषणं काढल्यावर लेखात काहीच उरत नसेल, तर अडचण नवव्या तपासणीतली आहे.

७. मजकूर दुसरीकडून उचललेला आहे का?

बाकी चुकांत लेख सुधारता येतो, इथे तो मुळासकट जातो. जुन्या आवृत्त्याही झाकल्या जातात. विकिपीडियावरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मुक्त परवान्याखाली जातो, म्हणजे तो कोणीही वापरू शकतो, पैसे कमवायलासुद्धा. जे आपलं नाही ते असं वाटून टाकता येत नाही. शेवटी स्रोताचं नाव लिहिलं तरी नक्कल ती नक्कलच. माहिती घ्या, वाक्यं घेऊ नका. स्रोत वाचा, बंद करा आणि आपल्या शब्दांत लिहा. समोर उघडा ठेवून लिहिलं तर वाक्यरचना त्याचीच येते.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं प्रताधिकार असतो आणि ती वर्षं मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर १९३७ साली वारले, त्यामुळे त्यांचं स्वतःचं लेखन आता मुक्त आहे. तरी त्यांच्या ज्ञानकोशातली १९२०च्या दशकातली लोकसंख्या आणि सीमा आजच्या म्हणून लिहू नका, आणि कुठून घेतलं ते सांगा.

स्वतःच्याच ब्लॉगवरचा मजकूर इथे टाकला आणि उडाला, असंही पुष्कळदा होतं. समोरच्याला तो ब्लॉग तुमचाच आहे हे कळायला मार्ग नसतो. एकतर ब्लॉगवर मुक्त परवान्याची ओळ घाला, नाहीतर परवानगीची अधिकृत ई-मेल प्रक्रिया वापरा. खरं तर नव्याने लिहिणं जास्त सोपं. छायाचित्रांना हाच नियम: स्वतः काढलेलं विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे मुक्त चित्रांच्या सामाईक भांडारात, चढवा, गूगलवर सापडलेलं नको.

८. भाषांतर

इंग्रजी लेखाचं भाषांतर करायला पूर्ण मुभा आहे, फक्त कोणत्या लेखावरून केलं ते बदलाच्या सारांशात लिहायचं. भाषांतराचं साधन वापरलं तर ही नोंद आपोआप होते. उडतं ते यंत्राने दिलेलं कच्चं भाषांतर. "ती एक भारतीय लेखिका आहे जी तिच्या कादंबऱ्यांसाठी ओळखली जाते" असं कोणी मराठीत बोलत नाही. "या भारतीय लेखिका आहेत. त्यांच्या कादंबऱ्या विशेष गाजल्या" असं आपण म्हणतो. एकदा मोठ्याने वाचा, जीभ अडखळली तिथे वाक्य मोडून नव्याने लिहा. आणि मूळ लेखातले संदर्भ डोळे मिटून आणू नका, निदान उघडतात का ते पाहा.

९. विषयच बसतो का?

सगळ्यात अवघड तपासणी शेवटी. स्वतःवर, आपल्या वडिलांवर, आपल्या संस्थेवर किंवा दुकानावर लेख असेल तर आधी विचारा: आपल्याशी काही संबंध नसलेल्या माणसांनी या विषयावर सविस्तर लिहिलं आहे का? निवडणुकीच्या यादीतलं नाव किंवा कार्यक्रमाच्या बातमीतली एक ओळ याला पुरत नाही. तसं लेखन नसेल तर उत्तम मराठीनेही लेख टिकणार नाही, तिथे थांबलेलं बरं. लेखनासाठी पैसे घेत असाल तर ते आपल्या सदस्य पानावर किंवा बदलाच्या सारांशात जाहीर करणं २०१४पासून वापर अटींनुसार बंधनकारक आहे. आपल्या संस्थेच्या लेखात चूक असेल तर स्वतः बदलण्याऐवजी चर्चा पानावर संदर्भासह लिहा, दुसरा कोणी ती दुरुस्त करील.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

पान काढून टाकलं गेलं असेल तर ते पाहण्याचा आणि परत आणण्याचा अधिकार प्रचालकांकडेच, म्हणजे जादा अधिकार दिलेल्या स्वयंसेवकांकडेच, असतो. त्याच नावाने नवं पान करू नका. ज्या प्रचालकाने काढलं त्यांच्या चर्चा पानावर मजकुराची प्रत मागा. प्रताधिकाराचा प्रश्न नसेल तर बहुधा मिळते.

खातं अडवलं असेल तर दुसरं खातं उघडणं हा सर्वांत वाईट उपाय. पहिला अडथळा आठवड्याचा असला तर त्यानंतर तो कायमचा होऊ शकतो. स्वतःच्या चर्चा पानावर विनंती लिहा. मोबाइल जाळ्याचा किंवा कॉलेजचा सामाईक आयपी पत्ता दुसऱ्या कोणाच्या उपद्रवामुळे अडवलेला असू शकतो, तेव्हा सूचनेत दिलेलं कारण आणि क्रमांक उतरवून प्रचालकांना कळवा.

जात, धर्म, ऐतिहासिक व्यक्ती किंवा हयात माणसावरचे आरोप यांवर दोघांत उलटवाउलटवी सुरू झाली, तर दुसऱ्या फेरीलाच हात काढा. आधी लेखाचं चर्चा पान, तिथे सुटलं नाही तर चावडी, म्हणजे सगळ्यांच्या चर्चेचं सामाईक पान. "कोर्टात खेचीन" असं चुकूनही लिहू नका, त्यावर खातं अडवलं जातं. प्रकाशकाच्या हक्काचा खरोखर कायदेशीर वाद असेल तर तो वकिलाचा विषय आहे, तिथे स्वयंसेवकाचा सल्ला घेऊ नये.

कोणाचा फोन नंबर, घरचा पत्ता किंवा मुलाची ओळख पानावर आली असेल तर चावडीवर बोभाटा करू नका, त्याने ती आणखी लोकांना दिसते. प्रचालकाला खासगी ई-मेल पाठवा. नुसती पुसून ती इतिहासात राहते. ती आवृत्ती कायमची दडवण्याचा अधिकार, स्थानिक अधिकारी नसतील तिथे, स्ट्युअर्ड म्हणून निवडलेल्या स्वयंसेवकांकडे असतो.

आणि लेख उडाल्यावर "अमुक रुपयांत परत आणून देतो" असा ई-मेल आला तर एक पैसाही देऊ नका. काढलेल्या लेखांवर नजर ठेवून त्यांच्या लेखकांना गाठणाऱ्या टोळ्या आहेत. प्रचालक हे काम फुकट करतात आणि त्यासाठी कधीही पैसे मागत नाहीत. तो ई-मेल पुसू नका, प्रचालकांना पाठवा.